पाच अक्षरांची हाक

बसा.

घाई कसलीच नाही. पाठ टेकली तरी चालेल. हात मांडीवर पडून राहू देत.

डोळे मिटायची गरज नाही. नजर फक्त सैल सोडा.

श्वास येतो आहे. श्वास जातो आहे. त्यात काही सुधारणा करू नका.

आता समोर एक कोरी चौकट आणा. पांढरी. बोटभर उंच, वीतभर लांब. आत काहीच लिहिलेलं नाही. डावीकडे एक बारीक उभी रेघ तेवढी लुकलुकते आहे.

ही चौकट स्पेनमधली आहे. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली आहे. तिच्यात कुणीही एखादं नाव लिहावं. त्या नावाची माणसं देशात किती आहेत, त्यांचं सरासरी वय काय, कुठल्या प्रांतात ती जास्त आहेत, हे संस्था सांगते.

आपण अजून काही लिहीत नाही.

चौकट कोरी राहू दे. तिच्याकडे बघा.

रेघ लुकलुकते. थांबते. लुकलुकते.

*

आधी एक गर्दीचं नाव ऐकू या.

मारिया कार्मेन.

ते हवेत सोडा आणि थांबा.

स्पेनमध्ये सहा लाखांच्या आसपास बायका हे नाव घेऊन वावरतात. अंतोनिओ म्हणालात, तर जवळपास तितकेच पुरुष मान वर करतात. १९४० ते १९६९ या तीस वर्षांत जन्मलेल्या मुलींमध्ये मारिया कार्मेन सगळ्यांत पुढे आहे. एका आळीत दोन, एका वर्गात चार, एका घरात आई आणि मुलगी दोघीही.

माद्रिदच्या एखाद्या मंडईत उभे राहा. मासळीचा ओटा. खाली बर्फाचं पाणी. कुणीतरी हाक मारतं, ‘कार्मेन!’

चार माना वळतात.

एक हसते. बाकीच्या तिघी पुन्हा मासळीकडे बघू लागतात.

त्या तिघींबरोबर जरा वेळ राहा. हाक आली होती, पण ती आपल्यासाठी नव्हती. त्यांना त्याचं काही वाटत नाही. जन्मभराची सवय आहे.

शाळेच्या फाटकाशी आता दुसरी नावं ऐकू येतात. लुसीया. मार्तिना. ऊगो. मातेओ. एका हाकेला तीन दप्तरं थबकतात.

त्या गर्दीत ऊब आहे. ती अंगावर घ्या.

आणि सोडा.

*

आता दुसरं नाव.

ओठ मिटलेलेच असू देत. हे मनातल्या मनात म्हणायचं आहे.

बुर्गुंदोफोरा.

पाच अक्षरं. सावकाश.

बुर्. गुन्. दो. फो. रा.

तिसऱ्या अक्षरावर वजन द्या. दो. आवाज तिथे वर चढतो आणि मग दोन पायऱ्या उतरतो.

श्वास घेताना काही म्हणू नका. श्वास सोडताना ही पाच अक्षरं म्हणा. एका श्वासात ती नीट मावतात. शेवटच्या ‘रा’नंतर थोडा श्वास उरतो. तो तसाच जाऊ दे.

अर्थ शोधू नका. अर्थाचं आज काही काम नाही.

पुन्हा एकदा.

पहिल्यांदा जीभ अडखळते. कुठे वळायचं ते तिला कळत नाही. तिसऱ्या वेळी ती वळते. चौथ्या वेळी तुम्ही तिच्याकडे लक्षही देत नाही.

हे बाईचं नाव आहे. खरोखरीचं. बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलेलं, चर्चमध्ये पाणी शिंपडताना उच्चारलेलं, अंगणातून हाक मारलेलं.

समोरच्या चौकटीत ते लिहू नका. मोह होईल. होऊ दे.

*

चला, थोडं लांब जाऊ.

स्पेनच्या उत्तरेकडे, कास्तील भागात, बुर्गोस प्रांत. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, सोरिया प्रांताच्या हद्दीजवळ एक गाव आहे. उएर्ता दे रेय.

उंचावरचं पठार. हिवाळा लांबलचक. थंडी कोरडी, नाकपुड्यांना बोचणारी.

भोवती पाइनचं रान. खोडांतून राळ पाझरते. नाकाने एक दीर्घ श्वास घ्या. तो वास आत येऊ दे.

दगडी घरं. दरवाजे बुटके. चौकात चर्चची सावली.

आज या गावात हजाराच्या आसपास माणसं राहतात. संबंध स्पेनमध्ये ते दुर्मिळ नावांचं गाव म्हणून ओळखलं जातं. आजोबा एवीलासिओ, आजी ग्लाफिदा, शेजारी ओनेसीफोरो, पलीकडच्या घरात सिंक्लेतिका. अशी शेकडो नावं इथे एकेकाळी ठेवली गेली. त्यांतलंच एक आपलं, पाच अक्षरांचं.

हे कसं झालं त्याची गोष्ट गावात सांगतात. ती ऐकण्यापूर्वी एक वस्तू बघायची आहे.

एक पाकीट.

*

पाकिटाकडे बघा.

एकोणिसावं शतक सरत आलं आहे, विसावं उंबऱ्यावर आहे. पाकीट फार लांबून आलं आहे, समजा, ब्यूनोस आयर्सहून. त्या काळात इथली तरणी पोरं तिकडे पोटापाण्यासाठी जायची.

कागद खरबरीत. एक कोपरा हाताळून मऊ पडलेला. तिकिटावर शिक्का अर्धाच उमटला आहे.

शाई काळी असावी. आता ती तपकिरी दिसते.

वर एका बाईचं नाव. नावापुढे दोन आडनावं, कारण स्पेनमध्ये बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं चालतात. खाली गावाचं नाव. एवढंच. गल्ली नाही, घराचा क्रमांक नाही.

टपालवाला तिठ्यावर उभा आहे.

त्याच्या श्वासाची वाफ होते.

या नावाची, याच दोन आडनावांची बाई समोरच्या घरात आहे. डावीकडच्या घरात आहे. वरच्या आळीतही एक आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच सोयरिकी झालेल्या गावात आडनावं ती किती उरणार? आणि पहिलं नाव तर सगळ्यांचं एकच, मारिया नाहीतर तिची एखादी बहीण.

टपालवाला पाकीट उलटं करतो. सुलटं करतो.

त्याच्याबरोबर थांबा.

तो डावीकडे जातो. दार उघडतं. बाई एप्रनला हात पुसते, पाकीट घेते, फोडते. दोन ओळी वाचते. आणि तिच्या लक्षात येतं की हा नवरा आपला नाही.

दुसरीच्या नवऱ्याची खुशाली हातात आहे. ती घडी घालते. तशीच, जुन्या घडीवर.

ती घडी बघा. बोटाने दाबलेली, किंचित वाकडी.

श्वास.

*

गावात सांगतात ते असं. टपालाचे हे घोळ थांबावेत म्हणून गावकचेरीच्या सचिवाला एक युक्ती सुचली. जन्मलेल्या मुलाला शेजारपाजारचं नाव द्यायचंच नाही. संतांच्या पोथीत बघायचं आणि कुणाचंच नसेल असं नाव काढायचं.

ती पोथी म्हणजे रोमन चर्चची संतांची आणि हुतात्म्यांची तिथीवार नोंदवही. तेराव्या ग्रेगरी पोपच्या काळात, १५८० च्या दशकात, ती छापून निघाली. वर्षाचा एकेक दिवस आणि त्या त्या दिवशी ज्यांचं स्मरण करायचं त्यांची नावं. कालनिर्णयाच्या चौकोनात तिथीखाली बारीक टायपात जयंत्या-पुण्यतिथ्या असतात ना, त्याच धाटणीचं, फक्त कितीतरी दाट.

सचिवाचं बोट बघा.

नखाखाली शाई. तर्जनी पानावर टेकलेली.

बोट सरकतं. पेद्रो. नको. हुआन. नको, हुआन पुष्कळ झाले. फ्रान्सिस्को. नको.

बोट खाली येतं. ओळखीच्या नावांचा पट्टा संपतो आणि अनोळखी नावं सुरू होतात. इथे पान जरा थंड लागतं.

फिलादेल्फो.

ओनेसीफोरो.

सिसीलिओ.

पोर रडत असेल. बाप टोपी हातात घेऊन उभा असेल. तो काय म्हणतो ते इथवर ऐकू येत नाही, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा असणार.

बोट थांबतं.

बुर्गुंदोफोरा.

टाक दौतीत बुडतो. थेंब कडेला निथळू देतो. ‘बु’ उमटतो.

या क्षणापाशी राहा. अजून नाव पुरं लिहून झालेलं नाही. अजून ती मुलगी कुणीच नाही. एक पोर आहे, गरम, ओलं, मुठी आवळलेलं.

आता ‘रा’ उमटतो.

टीपकागद.

*

त्या नावाची पहिली बाई कोण होती, तेही थोडं बघून घेऊ. फार खोल नको.

सातवं शतक. आजच्या फ्रान्समध्ये, मो गावाच्या आसपास, एका सरदाराचं घर. इसवी सन ६१० च्या सुमारास कोलंबान नावाचा आयरिश साधू तिथे येतो. घरातल्या लहान मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो.

मुलगी मोठी होते. बाप लग्न ठरवतो. तिला ते नको असतं.

तिचे डोळे दुखू लागतात. ताप चढतो. योनास नावाच्या संन्याशाने कोलंबानच्या चरित्रात हे लिहून ठेवलं आहे. पुढे बापाला हट्ट सोडावा लागतो, मुलगी बरी होते, आणि पॅरिसच्या पूर्वेला स्त्रियांसाठी मठ उभा करते. त्या मठाभोवती वसलेल्या गावाला आजही तिच्या नावाचा एक तुकडा चिकटलेला आहे. फारमूतिए.

अर्धं नाव फ्रान्समधल्या पाटीवर. अख्खं नाव कास्तीलच्या एका पाळण्यात. मधे तेराशे वर्षं.

डोळ्यांच्या दुखण्यासाठी लोक तिला नवस बोलतात.

आपल्या डोळ्यांवर तळहात ठेवा. दाबू नका. तळहाताची ऊब पापण्यांना लागू दे.

पाच अक्षरं म्हणा.

हात खाली घ्या.

*

पाकीट परत बघा. आता वेगळं पाकीट, काही वर्षांनंतरचं.

वर लिहिलं आहे, बुर्गुंदोफोरा.

टपालवाला तिठ्यावर येतो आणि थांबत नाही. त्याची चालही बदलत नाही. एकच दार आहे. तो तिथे जातो, दोनदा ठोठावतो.

ऐका. टक, टक.

आतून पावलं येतात.

दार उघडलेलं बघू नका. पावलांपाशीच थांबा. ती पावलं नि:शंक आहेत. पत्र आपलंच असणार हे त्या पायांना ठाऊक आहे.

मारिया कार्मेनच्या तीन वळलेल्या माना आठवतात? इथे वळायला दुसरी मानच नाही.

मला या ठिकाणी दर वेळी थोडी भीतीही वाटते. अशी हाक टाळता येत नाही. वर्गात कुणी चुकलं आणि बाईंनी नाव घेतलं, तर मागे बघून ‘मी नाही’ म्हणायची सोय नाही.

तेही असू दे. दोन्ही असू देत.

श्वास येतो. श्वास जातो.

*

याच संतांच्या तिथ्या पोर्तुगीज गलबतांतून गोव्यालाही उतरल्या. बार्देश-साष्टीतल्या घरांत कायतान, मिलाग्रिस, पिएदाद अशी नावं त्यांच्यामागोमाग आली. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत ख्रिस्ती असतात आणि हिंदूही. तिथल्या कुठल्या म्हाताऱ्या आजीला एकदा तिचं पूर्ण नाव विचारून बघा. आधी लाजेल. मग उभी राहून सांगेल.

*

आता चौकटीकडे परत या.

ती अजून कोरीच आहे. रेघ लुकलुकते आहे.

या चौकटीचा एक नियम आहे. तो सावकाश ऐका.

देशभरात एखाद्या नावाची माणसं वीस किंवा त्याहून जास्त असतील, तरच संस्था आकडा सांगते. एखाद्या प्रांतापुरतं विचारलं, तर निदान पाच असावी लागतात. त्याहून कमी असतील, तर ती गप्प बसते.

वीस.

उन्हात मांडलेल्या वीस खुर्च्या बघा. वेताच्या बैठकीच्या, गावातल्या दारांपुढे असतात तशा. प्रत्येकीवर एकेक म्हातारी. काळे लोकरी मोजे. मांडीवर हात. कुणी शेंगा सोलते आहे. कुणी नुसतीच बसली आहे.

सगळ्यांचं नाव एकच.

त्यांच्यासमोर जमिनीवर बसा. काही बोलू नका.

एक खुर्ची रिकामी होते.

कुठली, ते आपल्याला कळत नाही. आवाज होत नाही. सकाळी खुर्ची बाहेर येत नाही, एवढंच.

एकोणीस.

आता चौकटीला विचारलं तर उत्तर येणार नाही. काल आकडा होता, आज नाही. बाकीच्या एकोणीसजणी तिथेच आहेत. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर तसंच पडलं आहे. शेंगा सोलल्या जात आहेत.

इथे थांबा. बराच वेळ थांबा.

संस्था गप्प का बसते? विसर पडला म्हणून नव्हे. आदबीने.

माणसं इतकी थोडी उरली की आकडा हा आकडा राहत नाही, तो बोट दाखवतो. या प्रांतात या नावाच्या दोघीच आहेत असं छापलं, तर त्या कोण, ते अख्ख्या प्रांताला कळतं. त्यांचं वयसुद्धा. म्हणून कायद्यानेच तिथे पडदा ओढला आहे.

ज्या नावामुळे टपालवाला न चुकता तिच्या दारी गेला, त्याच नावामुळे आज तिला आकड्यांच्या मागे लपवावं लागतं.

हे पुन्हा एकदा वाचा. मग वाचणं सोडा.

पाच अक्षरं. एक श्वास.

*

नावालाही वय असतं.

संस्था प्रत्येक नावापुढे ते लिहिते. त्या नावाच्या सगळ्या माणसांच्या वयाची सरासरी. मार्तिना लहान आहे, अजून शाळेत जाते. पोथीतून उचललेली जुनी नावं सत्तरी ओलांडून बसली आहेत.

जे नाव पाळण्यात पडायचं थांबलं, ते आपल्या माणसांबरोबर म्हातारं होत जातं. दर वर्षी जवळपास एक वर्षाने. पुरतं एक नाही. कारण सगळ्यांत थोरली निघून जाते, आणि सरासरी जराशी मागे सरते. वर्षभरात बारा महिने पुढे, दोन-तीन मागे.

ही चाल ऐका.

पुढे. पुढे. किंचित मागे.

पुढे.

एका जानेवारीपासून दुसऱ्या जानेवारीपर्यंत. स्पेनमध्ये दर १ जानेवारीचा आकडा धरतात. कडाक्याची थंडी, आदल्या रात्रीचा जागर, सगळीकडे दारं बंद. आणि त्या सकाळी कोण कोण आहे, ते मोजलं जातं.

तुम्हीही क्षणभर त्या सकाळी उभे राहा.

आत कुठेतरी कॉफी उकळते आहे. म्हातारीने शाल ओढून घेतली आहे. ती आहे. मोजली गेली.

*

दशकांचा तक्ताही आहे. पहिला रकाना १९३० पूर्वी जन्मलेल्यांचा. मग तिशी, चाळिशी, पन्नाशी, अशी दहा-दहा वर्षं.

पहिल्या रकान्यावर बोट ठेवा.

या रकान्यातली माणसं आता शंभरीच्या जवळपास किंवा पलीकडे आहेत. रकाना दर वर्षी हलका होतो. शेवटच्या रकान्यात रोज नवी पोरं येतात. या रकान्यात नवं कुणीच येणार नाही. एक दिवस तो नुसता मथळा उरेल.

मधल्या रकान्यांत काय काय झालं ते भरभर सांगून टाकतो. १९३८ मध्ये फ्रँकोच्या सरकारने हुकूम काढला, बास्क, कातालान अशी नावं बाद, स्पॅनिशच हवीत. १९७७ पर्यंत हे जोखड होतं. पोथीतली नावं कितीही चमत्कारिक असली तरी संतांची होती. त्यांना कुणी हात लावला नाही. त्यांना हात लावला तो शहरांनी. पन्नाशी-साठीच्या दशकांत कास्तीलची गावं माद्रिदला, बिल्बाओला, बार्सिलोनाला निघून गेली. नातवंडं तिथे झाली, आणि नातीचं नाव आजीवरून ठेवावं की नाही, यावर स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलणी झाली.

ती बोलणी ऐका.

‘तिला शाळेत चिडवतील.’

थोडा वेळ कुणी बोलत नाही. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज.

‘मधलं नाव ठेवू.’

*

नावं परतही येतात.

बुर्गोस शहराच्या कॅथेड्रलमध्ये, घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीत एक लाल फरशी आहे. तिच्याखाली १९२१ पासून एल सिद हा योद्धा आणि त्याची बायको हिमेना निजलेले आहेत. अकराव्या शतकातली माणसं. हिमेना हे नाव मधे दीर्घ काळ क्वचितच कुणाला ठेवलं जाई. आता बागेतल्या घसरगुंडीवर हिमेना आहे. तिच्या मागे रांगेत दुसरी हिमेना आहे.

बुर्गुंदोफोराच्या नशिबी हे दिसत नाही. घसरगुंडीखाली उभं राहून आईने एवढं नाव पुरं उच्चारेपर्यंत पोर खाली पोचलेलं असायचं.

हसा. मननात हसायला हरकत नाही.

हसल्यावर श्वास थोडा मोकळा होतो. तो बघा.

*

उएर्ता दे रेयच्याच हद्दीत, एका टेकाडावर, क्लूनिया नावाचं रोमन शहर पडून आहे. इसवी सन ६८ मध्ये रोमन सुभेदार गाल्बा इथे होता. सम्राट नीरो संपला आणि आता आपणच सम्राट, ही बातमी त्याला इथे मिळाली. खडकात खोदलेलं मोठं नाट्यगृह आहे. पायऱ्यांवर बसता येतं.

तिथे दगडांवर कोरलेली नावं सापडतात. कोण होती ती माणसं, कुणाला काही पत्ता नाही. दगडाला हात लावला तर उन्हाने तापलेला लागतो.

एका पायरीवर बसा. तळव्यांना दगड लागू दे.

वारा आहे. कोरडं गवत आहे.

इथे कुणाचंच नाव घेऊ नका. पाच अक्षरंसुद्धा नाहीत. नुसतं बसा.

.

.

आता उठा. गावाकडे चला.

*

ऑगस्ट आहे.

हिवाळ्यात बंद असलेली दारं उघडली आहेत. माद्रिदहून, बिल्बाओहून गाड्या आल्या आहेत. चादरी गच्चीत, खुर्च्या दारात, पोरं चौकात. मार्च २०१९ मध्ये रित्या होत चाललेल्या अशा गावांची माणसं माद्रिदच्या रस्त्यावर उतरली होती, आम्हीही आहोत हे सांगायला. पण ऑगस्टमधल्या गावाला तसं काही सांगावं लागत नाही. त्याचा कलकलाट चार शेतं ओलांडून ऐकू येतो.

२००८ मध्ये या गावाने दुर्मिळ नावांच्या माणसांचा एक मेळावाच भरवला. बाहेरच्यांनाही बोलावलं. जन्मभर टपालाच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या खिडकीशी ‘काय म्हणालात? परत सांगा’ ऐकत आलेली माणसं एका चौकात जमली.

त्या चौकात जाऊन उभे राहा.

ऊन डोक्यावर आहे. मांस भाजल्याचा धूर. ग्लासांची किणकिण. समजा, कुणी खुर्चीवर चढून यादी वाचतं आहे.

फिलादेल्फो!

ओ!

सिंक्लेतिका!

कोपऱ्यातून, हातातला घास तसाच धरून, ओ!

ओनेसीफोरो!

दोघे उठतात. एकमेकांकडे बघतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मान दुसऱ्याच्या हाकेला वळली आहे. सगळा चौक हसतो आणि ते दोघेही खिदळतात.

आता तुम्ही.

ओठ उघडा. मनातल्या मनात पुष्कळ झालं. शेजारच्या खोलीत कुणी असेल तर असू दे, काय म्हणायचं ते म्हणोत. पोटातून श्वास घ्या. तिसऱ्या अक्षरावर वजन.

ताटं वाढून झाली आहेत, आणि ती चौकाच्या पलीकडे कुणाशी तरी बोलत उभी आहे. बोलवा तिला.